चार दशांशांपर्यंत अचूक

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याकडे असतो तसला नव्हे. एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतला, काचेच्या पेटीत बसणारा. साखरेचा एक दाणा माझ्या तबकडीवर पडला तरी मला कळतो. वजनाच्या आकड्यात दशांश चिन्हानंतर चार अंक मी दाखवतो, आणि चौथा अंकही सहसा चुकत नाही. आयुष्यभर माझं कौतुकच झालं. पण आज मी ते सांगायला बसलेलो नाही. माझ्या या अचूकपणावर दोन मित्र विसंबले, त्यातल्या एकाचं हृदय आठवड्याआठवड्यानं निकामी होत गेलं, आणि त्या सगळ्या काळात मी दर शनिवारी बरोबर आकडा दाखवत राहिलो. हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझी रचना समजून घ्या. माझ्या तबकडीखाली तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं आहे आणि ते एका लोहचुंबकाच्या पोटात तरंगतं. तबकडीवर काही ठेवलं की ती केसभर खाली जाते. मग मी वेटोळ्यातून वीज सोडतो आणि तिला पुन्हा जागेवर उचलून धरतो. त्यासाठी किती वीज लागली, त्यावरून वजन ठरतं. थोडक्यात, समोर आलेलं पेलायला मला किती जोर लावावा लागला, एवढंच मी सांगतो. ते काय आहे, कशासाठी आहे, हे मला कळत नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. फार काळ मी ते सबब म्हणूनच वापरलं, म्हणून सांगतो.

कारखान्यात मला दगडाच्या एका जाड लादीवर बसवलं होतं. शेजारून मालाची गाडी गेली तरी त्या लादीमुळे मला हादरा बसत नसे. प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या मॅडम. त्यांचा नेम कधी मोडला नाही. रोज सकाळी आधी माझ्या पायांचे स्क्रू फिरवून माझी पातळी दाखवणाऱ्या काचेतला बुडबुडा मधोमध आणायचा, अर्धा तास मला नुसतं चालू ठेवून गरम होऊ द्यायचं, मग मखमलीच्या डबीतली प्रमाणित वजनं चिमट्यानं उचलून माझ्यावर ठेवायची आणि आकडे नोंदवहीत लिहून सही करायची. वजनांना बोट लावायचं नाही. आणि लादीला कुणीही टेकायचं नाही, म्हणजे नाहीच.

एकदा खुद्द व्यवस्थापक साहेब बोलता बोलता लादीवर कोपर ठेवून उभे राहिले.

"साहेब, हात," मॅडम माझ्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "तुमच्या हातापायी माझा निळा रंग हिरवा होईल."

साहेबांनी चटका बसल्यासारखा हात काढला. त्यानंतर ते प्रयोगशाळेत आले की हात पाठीमागे बांधूनच फिरायचे.

अशी बारा वर्षं गेली. तपासणी करायला बाहेरून माणसं यायची, माझे आकडे पाहून मान डोलवायची. मग नवा काटा आला. त्याच्या पडद्याला नुसतं बोट लावलं की झालं. मला मागच्या खोलीत हलवलं. तिथे नमुन्यांचे डबे, फुटक्या बाटल्या आणि एक मोडकी खुर्ची होती. खोलीला बाहेरून एक लोखंडी जिना होता, पंचवीस पायऱ्यांचा. माझी लादी माझ्याबरोबर आली, पण मॅडम आल्या नाहीत. महिन्यातून एखादा दिवस मला कुणी चालू केलं तर केलं. काचेवर धूळ साचली. मित्रांनो, ज्याची दिवसातून चाळीस वेळा गरज लागायची त्याला कुणी विचारेनासं झालं, की तो कुणाच्याही हाती जायला तयार होतो. मीही झालो.

माझी आठवण ठेवली ती एकट्या दशांशनं. तो प्रयोगशाळेत नव्यानं लागलेला तरुण होता. नाव वेगळंच होतं, पण पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला विचारलं, "जेवायला किती वेळ आहे रे?" आणि तो म्हणाला, "सतरा पूर्णांक पाच मिनिटं." तेव्हापासून तो दशांश. मनानं चांगला, जरा मान खाली घालून वावरणारा. नव्या काट्यावर गर्दी असली की तो मागच्या खोलीत यायचा, माझी काच पुसायचा, बुडबुडा मधोमध आणायचा आणि वेगळ्या वहीत माझी तपासणी लिहून सही करायचा. "तू अजून पक्का आहेस," असं एकदा तो मला म्हणालाही. मी त्याला जीव लावला.

त्याचा मित्र होता इंजिन. खाली मिसळणीच्या शेडमध्ये रंगाचे ड्रम ढकलणारा, रुंद खांद्यांचा, सदा हसणारा. तो दमलेला कुणी पाहिला नव्हता, म्हणून इंजिन. त्याच्या बाहीवरच्या डागांवरून शेडमध्ये त्या दिवशी कोणता रंग चालू आहे ते मला कळायचं. घरी आई आणि तो, दोघंच. आठवडाभर ड्रम, आणि शनिवारी संध्याकाळी कुठल्याशा दिवाणखान्यात नाहीतर रिकाम्या गोदामात पाच-सहा तास नाच. नाच त्याचा जीव की प्राण होता.

शनिवारी कारखाना दुपारी सुटायचा. अशाच एका शनिवारी सगळे गेल्यावर इंजिन लोखंडी जिना दोन-दोन पायऱ्या एकदम घेत वर आला आणि खिशातून प्लॅस्टिकची एक इवलीशी पिशवी काढून त्यानं दशांशसमोर धरली. आत पांढरट खडे होते.

"हे काय?"

"दम," इंजिन म्हणाला. "नाचायला. हे घेतलं की पाय जमिनीला लागतच नाहीत."

"नाव काय याचं?"

"नाव विचारून काय स्थळ बघायचंय का? सगळे घेतात रे. शनिवारच्या शनिवार. व्यसन थोडंच आहे?"

"किती घेतोस?"

"नखावर मावेल तेवढं. अंदाजे."

'अंदाजे' हा शब्द ऐकला की दशांशच्या कपाळावर आठी पडायची. "पांढऱ्या रंगात निळा टाकताना आपण अंदाजे टाकत नाही, आणि तू स्वतःच्या अंगात अंदाजे टाकतोस?"

"मग तू मोज ना, शास्त्रज्ञ! एवढा काटा उशाशी घेऊन बसलायस."

त्या दिवशी दशांशनं त्याला हाकलून दिलं. आठवडाभर तो अस्वस्थ होता. त्याला जे वाचायला मिळालं ते त्यानं वाचलं. ही भुकटी कारखान्यात नव्हे, कुणाच्या तरी बंद खोलीत बनते, हे वाचलं. ती मेंदूला आणि हृदयाला धोक्याची खोटी हाक देते. वाघ मागे लागल्यावर शरीर जी रसायनं सोडतं ती सगळी एकदम सुटतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आखडतात, हेही वाचलं. इतकं वाचून माणूस काय करेल? मित्राचा हात धरेल. दशांशनं काय केलं? त्यानं तक्ता आखला.

पुढच्या शनिवारी त्यानं स्वतःहून मला चालू केलं. अर्धा तास गरम होऊ दिलं. प्रमाणित वजनं ठेवली, वहीत आकडे लिहिले, सही केली. मग गुळगुळीत कागदाचे चौकोन कापले.

"तू ऐकणार नाहीसच," तो इंजिनला म्हणाला. "निदान मोजून घे. दर वेळी सारखं. म्हणजे काही होणार नाही."

म्हणजे काही होणार नाही. हे वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं आणि त्याला आधार म्हणून माझा आकडा दाखवला गेला. पडद्याच्या कोपऱ्यात वजन स्थिर झाल्याची माझी खूण उमटली. इंजिननं शीळ घातली. "वा! डॉक्टरसुद्धा इतकं बारीक बघत नाहीत."

खरं सांगतो, मित्रांनो, मला त्या दिवशी आनंद झाला. कित्येक महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे श्वास रोखून पाहत होतं. हाच तो आनंद, ज्याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दशांशनं स्वतः त्यातला कणही कधी घेतला नाही. त्यामुळे आपले हात स्वच्छ आहेत असं त्याला वाटे. उलट आपण मित्राला सांभाळतोय, असंच त्याला वाटे. मलाही तसंच वाटू लागलं. चूक कुठे होती ते आता मला नीट दिसतं. मी भुकटीचं वजन सांगत होतो. त्या भुकटीत काय काय मिसळलंय ते मी सांगत नव्हतो. ते दर पिशवीला वेगळं असायचं. आणि ती ज्याच्या अंगात जाणार त्या हृदयाची अवस्था दर शनिवारी मागच्या शनिवारपेक्षा थोडी वेगळी असायची, तेही मी सांगत नव्हतो. डाव्या बाजूचा आकडा आम्ही चार दशांशांपर्यंत काढला आणि उजवी बाजू कोरीच ठेवली. गणित सुटलं म्हणून दोघंही खूश.

सव्वा वर्ष हे चाललं.

आता मागे वळून पाहिलं की खुणा एकेक करून दिसतात. लोखंडी जिन्याचा हादरा माझ्या लादीपर्यंत यायचा. आधी इंजिन तेरा उड्यांत वर यायचा. मग पंचवीस पावलांत येऊ लागला. मग बाराव्या पायरीपाशी पावलं थांबायची, थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायची. वर आल्यावर तो लगेच बोलायचा नाही; खिडकीशी जाऊन बाहेर काहीतरी बघत असल्यासारखं करायचा. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं, एक पत्र्याचं छप्पर होतं.

मग बुटांच्या नाड्या. तो त्या सैल सोडू लागला. एकदा त्यानं मोजा खाली केला तर त्याच्या काठाचा खोल वळ पायावर उमटलेला होता. "उभं राहून राहून सुजतात," तो म्हणाला. आडवं झालं की खोकला येतो म्हणून तीन उशा घेऊन झोपायला लागला होता. आईनं ओढत नेऊन डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, सिगारेट, दारू, आणखी काही? इंजिन म्हणाला, छे. त्यांनी त्याला दम्याचा पंप लिहून दिला.

"तू त्यांना हे सांगितलंस?" दशांशनं पिशवीकडे बोट दाखवलं.

"डोकं फिरलंय का तुझं? त्या आणि आई रोज बरोबर फिरायला जातात. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळेल."

दशांशला काळजी वाटली, आणि काळजी वाटल्यावर त्यानं जे केलं ते फक्त आमच्यासारखेच करू शकतात. त्यानं तक्ता काढला आणि प्रमाण एक दशांशानं कमी केलं. महिन्यानं आणखी एक दशांश. लाल पेनानं खाडाखोड न करता, नीट रेघ मारून. दर वेळी मी नवा आकडा तितक्याच इमानानं दाखवला. मित्राचा श्वास कमी पडत चालला होता, आणि आम्ही दोघं तक्ता सुधारत होतो.

मग तो शनिवार आला. जिन्यावरची पावलं तीन ठिकाणी थांबली. इंजिन आत आला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग शेडमधल्या कुठल्याच रंगासारखा नव्हता. तो मोडक्या खुर्चीत बसला आणि आधारासाठी त्यानं उजवा हात कोपरापासून पंजापर्यंत माझ्या लादीवर टाकला. दशांशचं लक्ष नव्हतं. त्यानं कागद ठेवला, मला शून्यावर आणलं, भुकटी ठेवली, काचेचं दार सरकवलं.

आकडा स्थिर होईना. शेवटचे दोन अंक नाचत होते.

त्यानं पंखा बंद केला. खिडकी लावली. बुडबुडा पाहिला; मधोमध होता. "आज काट्याला काय झालंय?" तो पुटपुटला. मग त्याची नजर लादीवरच्या हाताकडे गेली.

"हात काढ जरा."

इंजिननं हात काढला. दोन सेकंदांत आकडा थांबला आणि स्थिर झाल्याची खूण उमटली.

"ठेव परत."

"अरे काय, कवायत घेतोयस का?"

"ठेव म्हटलं ना!"

हात लादीवर आला आणि अंक पुन्हा नाचू लागले. दशांश वाकून पाहत राहिला. हात थरथरत असता तर आकडा सारखा डुलला असता. हा तसा डुलत नव्हता. तो धक्के खात होता. एक, एक, मधे रिकामं, मग दोन लागोपाठ, मग पुन्हा इतकं रिकामं की दशांशनं मान वर केली. त्या माणसाचं हृदय त्याच्या हातातून दगडात आणि दगडातून माझ्यात येत होतं. सव्वा वर्षात पहिल्यांदा मी त्याचं काहीतरी मोजत होतो.

दशांशनं त्याचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पळत आलास?"

"मी? पळत?" इंजिन हसला. "दहा मिनिटं झाली इथे बसून."

"एकशे चाळीस..." दशांश म्हणाला. "नाही. पन्नास. नाही." त्यानं पुन्हा मोजलं, पुन्हा चुकला. ठोके सारखे नव्हतेच. ज्या माणसानं जेवायची वेळसुद्धा दशांशात सांगितली होती, त्याला तो आकडा सांगता येईना.

"चल. हॉस्पिटलात."

"सोमवारी जाऊ. आज ती पुडी दे, निम्मी कर हवं तर."

"निम्मी नाही. काही नाही. आत्ता जायचं. आणि तिथे मी सगळं सांगणार आहे."

इंजिनचं हसू गेलं. "सगळं म्हणजे? नोकरी जाईल माझी."

"माझी आधी जाईल."

"आईला कळेल रे!"

"काकूंना मी सांगेन. मी स्वतः सांगेन."

"तू कोण लागून गेलास? मोजून कोण देत होतं? मी तुझ्या दारात पाया पडायला आलो होतो?" इंजिन उठला. चार पावलं टाकून दारापर्यंत गेला आणि चौकट धरून उभा राहिला. मागे वळून त्यानं शिवी द्यायला तोंड उघडलं. शिवी अर्धीच आली. उरलेल्या अर्ध्याला श्वास पुरला नाही. दशांशनं धावत जाऊन त्याला खांद्यावर घेतलं, आणि पंचवीस पायऱ्या उतरताना लोखंडाला जो हादरा बसला तो दोन माणसांच्या वजनाचा, पण एकाच्याच पावलांचा होता.

गडबडीत भुकटी माझ्यावरच राहिली. मला कुणी बंद केलं नाही. शनिवारची दुपार, सगळा रविवार, मी त्या रिकाम्या खोलीत तोच आकडा दाखवत बसलो होतो. स्थिर. चार दशांशांपर्यंत अचूक. मला तो पुसता येत नव्हता. इतकी वर्षं मला चूक करता येत नाही याचा अभिमान होता. त्या दोन दिवसांत मला वाटलं, सव्वा वर्षापूर्वी एकदा, फक्त एकदा मी बिघडलो असतो तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मॅडम मागच्या खोलीत आल्या. माझ्या पडद्याचा प्रकाश दिसला म्हणून. त्यांनी कागद पाहिला, भुकटी पाहिली, आणि कशालाही हात न लावता उभ्या राहिल्या. मागोमाग दशांश आला. कपडे शनिवारचेच होते. त्यानं काही लपवलं नाही. पहिल्या पिशवीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत सगळं सांगितलं.

मॅडमनी माझी तपासणीची वही उघडली. दर शनिवारी तारीख, तीन प्रमाणित वजनं, तीन आकडे, सही. एकही शनिवार चुकलेला नव्हता.

"नोंदी अगदी व्यवस्थित ठेवल्यास," त्या म्हणाल्या. दशांश रडू लागला. मॅडमनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस का हे?"

"सगळ्यात आधी त्यांनाच."

"एवढं एक बरं केलंस. काय म्हणाले?"

डॉक्टरांनी सांगितलेलं त्यानं सांगितलं. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर टाकतं. इंजिनचं जेमतेम पाचवा हिस्सा टाकत होतं. ते ताणून ताणून सैल पडलेल्या रबरासारखं मोठं झालं होतं, भिंती पातळ झाल्या होत्या. दम्याचा आजार त्याला नव्हताच. हृदय उपसत नव्हतं म्हणून पाणी फुफ्फुसांत आणि पायांत साठत होतं. कारण कळलं नसतं तर आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो, असं डॉक्टर म्हणाले. आणि सहा महिन्यांपूर्वी कळलं असतं तर जास्त हाती लागलं असतं, असंही म्हणाले. आता औषधं, आणि एक अट. एक कणही नाही. थोडं नाही, निम्मं नाही, मोजून नाही.

मॅडमनी ती भुकटी व्यवस्थापकांच्या हवाली केली. पोलिसांत जे व्हायचं ते रीतसर झालं. दशांशची नोकरी गेली. मॅडमनी त्याच्यासाठी शब्द टाकला नाही, पण त्यानं नेमून दिलेल्या तारखांना पोलिसांकडे आणि रोज हॉस्पिटलात जावं एवढं बघितलं.

निघायच्या दिवशी तो आपलं सामान घ्यायला आला, तेव्हा त्याच्याबरोबर इंजिनची आई होती. बुटकी, करड्या केसांची बाई. दशांश तिला काकू म्हणायचा. लोखंडी जिना ती एका दमात चढली. "ज्याच्यावर मोजायचास तो काटा मला बघायचाय," असं तिनं त्याला म्हटलं होतं.

ती माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ती मला उचलून आपटेल. मला ते चाललं असतं.

"यात कितीपर्यंत मावतं?" तिनं विचारलं.

"दोनशेवीस ग्रॅम, काकू."

"आणि माणसाचं काळीज केवढं असतं?"

दशांशला आकडा माहीत होता. मलाही माहीत आहे. साधारण तीनशे ग्रॅम. माझ्यावर ते मावत नाही.

तिनं काचेवर बोट ठेवलं. ठसा उमटला. "माझा मुलगा तुझ्यासमोर वर्षभर धापा टाकत होता. तू एवढं बारीक बघणारा. तुला खरंच दिसलं नाही रे?"

"दिसत होतं, काकू," दशांश म्हणाला. "म्हणून तर मी प्रमाण कमी करत होतो."

मग तिनं जे केलं ते मला अजून पूर्ण समजलेलं नाही. तिनं त्याच्या हातातली सामानाची एक पिशवी घेतली आणि म्हणाली, "चल. चारला त्याची गोळी असते. मी उठवलं की चिडतो. तू उठव." त्यात माफी नव्हती. तिला कामाला एक माणूस हवा होता, आणि दशांशला काम हवं होतं. ती दोघं खाली गेली.

इंजिन जिवंत आहे. त्याचं हृदय आता पाचव्या हिश्शाऐवजी तिसरा हिस्सा रक्त बाहेर टाकतं. मॅडमनी ही बातमी एकदा प्रयोगशाळेत सांगितली, तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पण तिसरा म्हणजे निम्मा नव्हे. ड्रम ढकलणं कायमचं संपलं. नाचही. मधे एकदा तो घसरला, जुन्या सोबत्यांकडे गेला, आणि परत येऊन त्यानं स्वतःच दशांशला फोन केला. दशांशनं त्याला किती घेतलंस असं विचारलं नाही. "कुठे आहेस?" एवढंच विचारलं, आणि तिथे गेला. पुढे काय होईल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मला मॅडमनी यादीतून कमी केलं आणि तुमच्या शाळेला देऊन टाकलं. म्हणून मी हे तुम्हाला सांगू शकतोय.

मित्रांनो, कधीतरी तुमच्या ओळखीचं, अगदी आवडतं कुणीतरी तुम्हाला म्हणेल, एकदाच, थोडंसं, मोजून, काही होत नाही. त्याच्या हातात कदाचित आकडाही असेल, आणि आकडा खराही असेल. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. आणि तुम्ही स्वतः न घेता दुसऱ्याला सांभाळून देत असाल, नुसते बघत असाल, गप्प राहून मैत्री निभावत असाल, तर आपले हात स्वच्छ आहेत असं समजू नका. त्याच्या आईला सांगा. डॉक्टरांना सांगा. तो चिडेल, बोलणं टाकेल, कदाचित कायमचं. तरी सांगा. मला तोंड नव्हतं, तरीही मी स्वतःला निर्दोष म्हणवत नाही. तुम्हाला तर तोंड आहे.